फेसाचे दोन चमचे

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. तुम्ही मला ओळखत नाही — म्हणून तुम्हाला सांगते.

धायरीत एका घरी मी स्वयंपाकाला आहे. तिथल्या साहेबांना शनिवारी संध्याकाळी ब्रँडी सावर लागते. त्यांनीच शिकवली. दोन मापं ब्रँडी, एक माप लिंबाचा रस, साखरेचा पाक आणि अंड्यातलं पांढरं. झाकणाच्या स्टीलच्या भांड्यात घालून हात दुखेपर्यंत हलवायचं, मग बर्फ घालून पुन्हा. वर जाड फेस येतो.

साहेबांच्या आईंना, म्हणजे आजींना, अंडं चालत नाही. म्हणून अंड्याची वाटी आणि तिची घासणी बाल्कनीत. माझा चहाचा कपही तिथेच, त्या वाटीशेजारी. तो का तिथे? मी कधी विचारलं नाही. रोज पाहत मात्र होते.

त्या शनिवारी संकष्टी होती. पाहुणे बसले होते. आजी सगळ्यांसमोर म्हणाल्या, "अगं, चौथी पास ना तू? मग चार लिंबं तरी नीट मोजून आण." पाहुणे हसले. साहेबही.

आजींचा उपास होता. त्यांनी लिंबाचं सरबत मागितलं. मी केलं. आणि मग — कशाला आडवळणं घेऊ? साहेबांच्या पेल्यावरचा फेस दोन चमचे काढला आणि आजींच्या सरबतात ढवळला. चुकून नाही. मला तेच हवं होतं. "आज बरं जमलंय," म्हणत त्यांनी पेला संपवला. मी दारात उभी राहून शेवटच्या घोटापर्यंत पाहिलं. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

वाईट पुढे आहे.

सकाळी आजींनी घासून ठेवलेला तो पेला नाकाशी नेला. त्याला अंड्याचा वास होता. भांडी घासायला कमल यायची, तिलाच धरलं. "अंड्याची घासणी माझ्या पेल्याला लावलीस? सोवळं-ओवळं कशाशी खातात ते तरी माहितेय का?"

कमल रडायला लागली. माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, तुम्ही रोज बघता ना? सांगा ना, मी वेगळी घासणी वापरते की नाही?"

माझे हात कणकेत होते. मी कणीक मळत राहिले.

"ती काय सांगणार? मुखदुर्बळ आहे ती," आजी म्हणाल्या.

मला ते किती सोयीचं वाटलं, सांगू? मान वर करायचीही गरज उरली नाही. कमलला त्याच दिवशी काढलं. जाताना ती मला "येते ताई" म्हणाली. तिला वाटलं, मी घाबरले.

मी घाबरले नव्हते. मला शब्द सापडत होते. कमलचं घर माझ्या घरापासून दहा मिनिटांवर आहे. मी अजून गेलेले नाही.