गाडी माझी, फोन बाबांचा

मला गाडी चालवता येत नव्हती तेव्हाची गोष्ट. गाडी चालवताना मोबाइलवर बोलल्याचं चलान चक्क माझ्या नावावर आलं. मी गावापासून जरा दूरच्या उपकेंद्रात नर्स आहे. त्या दिवशी लसीकरण होतं, बाळं रडून रडून थकली होती आणि मीही. सगळं आवरून मोबाइल उघडला, तर मेसेज. आपण वरवट बकाल इथं वाहन चालवताना मोबाइल वापरला, दंड भरा. मी तर सकाळपासून खुर्चीवरून उठले नव्हते.

मेसेजसोबत फोटो होता. गाडी आमचीच. तिच्यावर पांढरा सदरा, डोक्यावर हेल्मेट, एक हात हँडलवर, दुसरा कानाशी, आणि तोंडभर हसू. हे माझे सासरे, आमचे बाबा. मी फोटो मोठा करून पाहिला आणि मलाही हसू फुटलं, कारण इतका खुशीत पकडला गेलेला माणूस मी पाहिला नव्हता.

माझी नोकरी पक्की झाली तेव्हा ही गाडी घेतली होती. बाबा म्हणाले, गाडी सुनेच्या नावावर घ्यायची, आणि विषय संपला. चालवायचे मात्र तेच. रोज मला उपकेंद्रावर सोडायचे, संध्याकाळी घ्यायला यायचे. त्यांची शाळामास्तरकी संपून बरीच वर्षं झाली होती, तरी अंगातला मास्तर काही रिटायर झाला नव्हता. शेजारच्या गल्लीत जायचं तरी हेल्मेट. दर रविवारी आमच्या सोनाळ्याच्या विहारात वंदना झाली की बाबा उभे राहून बोलत. नियम, शिस्त, रांग, कचरा, काहीही. पोरं जांभया देत, पण बाबांचं बोलणं कोणी अर्ध्यावर सोडून जात नसे.

फक्त फोनच्या बाबतीत त्यांचा हिशेब वेगळा होता. दारात कोणी हाक मारली तर आपण जेवता जेवता ओ देतो, मग फोनवर हाक मारणाऱ्यानं काय पाप केलंय? त्यामुळे फोन वाजला की बाबा असतील तिथून ओ देणार. अंघोळीतून देणार, झाडावरून देणार, आणि गाडीवरून तर देणारच. मी मागे बसून ओरडायचे, "बाबा, ठेवा ना." ते फोनवरच्या माणसाला सांगायचे, "सून चिडून राह्यली, लवकर बोल."

संध्याकाळी त्यांना फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावला, स्वतःला ओळखलं आणि सगळं कबूल केलं. फोन विहारातून आलेला होता. रविवारी कोणत्या विषयावर बोलता, असं विचारायला. बाबांनी चालत्या गाडीवरून हसत हसत सांगितलं होतं, शिस्तीवर.

"गुन्हा माहा," ते म्हणाले, "आन् नाव तुहं काऊन?"

"गाडी माझ्या नावावर आहे म्हणून."

"सरकारी नोकरी हाये तुही, बाई."

नोकरीला काही होत नाही, हे मी चारदा सांगितलं. तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. तो बुलढाण्याला नोकरीला असतो, सुट्टीला येतो. तिकडून तावातावानं म्हणाला, "बाबांकडून चावी काढून घे." फोन स्पीकरवर होता. बाबांनी चावी फ्रिजवर ठेवली. त्या रविवारी ते विहारात गेले नाहीत. चावी ठेवली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी ऑटोनं जाऊ लागले. ऑटोत गाणी मोठ्यानं लावलेली असायची आणि बाबांच्या बडबडीशिवाय रस्ता संपता संपायचा नाही. मला फार वाईट वाटत होतं.

पुढच्या रविवारीही ते गेले नाहीत. विहारातून फोन आले, ते त्यांनी वाजू दिले. वाजत्या फोनला बाबा ओ देत नाहीत, हे आमच्या घरात पहिल्यांदाच घडत होतं.

दंड मोबाइलवरून भरता आला असता. मी म्हटलंही. बाबा म्हणाले, "मोबाइलनंच गुन्हा केला, आता मोबाइलनंच फेडू?" मग काय, एसटीनं बुलढाणा. घाट चढेपर्यंत बाबा मनातल्या मनात काय बोलायचं ते जुळवत होते. ओठ हलताना दिसत होते.

वाहतूक शाखेत टेबलाशी एक पोलीस बाई होती. बाबा सरळ उभे राहिले. "मॅडम, गाडी मी चालवत होतो. हिले तर चालवताच येत नाही. हिचं नाव काढा, माहं लिवा."

बाईंनी आधी बाबांना खुर्ची दिली. मग म्हणाल्या, "बाबा, चलान गाडीच्या नंबरवर निघते. नंबर यांच्या नावावर आहे. दंड भरला की विषय मिटतो. पण हातात फोन धरून चालवणं म्हणजे धोकादायक चालवणं, असंच कायदा धरतो. पुन्हा सापडलात तर दंड वाढतो. फोन आला तर गाडी बाजूला घ्यायची, थांबायचं, मग बोलायचं. लोक थांबतात तुमच्यासाठी."

"लोक थांबतात," बाबा हळूच म्हणाले, जणू ही बातमी त्यांना नवीन होती.

मी दंड भरला. बाहेर येऊन चहा घेतला. बाबांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "गाडी तुह्या नावावर हाये. मंग चालवाले तूच शिकाव."

मी नाही म्हटलं, भीती वाटते म्हटलं, पण मास्तरापुढे चालतं थोडंच. दुसऱ्या दिवसापासून सातपुड्याकडे जाणाऱ्या रिकाम्या रस्त्यावर माझी शाळा भरली. बाबा सीट धरून मागे पळायचे. "हँडल आवळू नको. ते का पळून जाऊन राह्यलं?" मी दोनदा हरभऱ्यात शिरले. शेतमालकानं पाहिलं, कपाळाला हात लावला आणि बाबांना पाणी दिलं.

शेवटी लायसन्स मिळालं आणि एका सकाळी मी हेल्मेट घातलं, बाबा मागे बसले. माझा फोनही त्यांनी मागून घेतला आणि दोन्ही फोन खिशात टाकले. उपकेंद्रात जायच्या आधी वरवट बकालहून औषधं आणायची होती. चौकात बाबांचा फोटो काढणारा तोच पोलीस असेल का, या भीतीनं मी हँडल आवळून धरलं होतं. त्याच वेळी बाबांचा फोन वाजला. तो वाजत राहिला. बाबा ओ देईनात.

"घ्या ना," मी म्हटलं, "तुम्ही मागे आहात."

"घेऊ?"

"घ्या."

फोन विहारातूनच होता. मला फक्त बाबांचं बोलणं ऐकू येत होतं. "हाव. सून चालवून राह्यली, मी मांगं बसलो." मग त्यांनी मला विचारलं, "बाई, रविवारी बोलता का म्हणते. काय सांगू?"

मान वळवता येत नव्हती. समोर ट्रक होता. मी पुढे पाहतच म्हटलं, "हो सांगा, बाबा."

"येतो," बाबा फोनमध्ये म्हणाले. त्यांचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा झाला होता. "शिस्तीवरच बोलतो. आन् तो फोटो घेऊन येतो, पोराइले दाखवाले."