शेक घेतल्यावरची झोप

बाळंतिणीच्या बाबतीत आमच्या गल्लीत माझा शब्द शेवटचा. शिरूर कासारात आमचं भांड्यांचं दुकान आहे आणि मागच्या बाजूला घर. पण दुकानात येणाऱ्या निम्म्या बायका सल्ला विचारायलाच येतात. बाळ सारखं का रडतं, दूध कशानं उतरेल, डिंकाचे लाडू कधी सुरू करायचे, सगळं मला विचारायचं. मी बेधडक सांगते आणि माझं सहसा चुकत नाही. ही बढाई नाही. बरं, थोडी आहे.

तर माझी लेक पहिल्या बाळंतपणाला आली, तेव्हा मी पदर खोचूनच बसले होते. मुलगी झाली. थंडीचे दिवस होते. मागच्या खोलीत मी सुती पट्ट्यांनी विणलेली नवारीची बाज टाकली, तिच्यावर कापसाच्या दोन गाद्या आणि वर माझ्या आईच्या हातची वाकळ. खिडकी लावून घेतली. सकाळी मालिश, मग कढत पाणी, मग बाजेखाली शेगडी ठेवून शेक, ओव्याची धुरी, कानाला घट्ट स्कार्फ. हे सगळं उरकलं की बाळ कुशीत द्यायचं. अंग गरम असलं की दूध भरपूर येतं, हा माझा स्वतःचा शोध. बारशाला लेकीची सासू अंबाजोगाईहून आली, तिनं खोलीत डोकावलं आणि म्हणाली, "बाई बाई, बाळंतीण ठेवावी तर अशी!" त्या एका वाक्यावर मी आठवडाभर हवेत होते.

रात्रीची काळजी आम्ही सगळेच घ्यायचो. लेक भिंतीला टेकून बसायची, मी दिवा लावून समोर बसायची, दूध पिऊन झालं की बाळ माझ्या खांद्यावर. दिवसाची भीती मात्र कुणालाच वाटली नव्हती. भर सकाळी, घरात माणसं असताना काय होणार?

लेक दोनतीनदा म्हणाली होती, "आई, पाणी घेतल्यावर पाजायला लागले की मला झोप आवरंना. डोळे आपोआप मिटत्यात."

"मग झोप की," मी म्हणाले. "झोपेत काय दूध येत न्हाई का? आमी न्हाई का वाढवली लेकरं?"

हे माझं उत्तर. त्यातला एक शब्दही मी बदललेला नाही.

बारशानंतर आठेक दिवसांनी चकलांब्याची एक ओळखीची बाई हंडा घ्यायला दुकानात आली. तिला नात बघायची होती. दृष्ट लागेल म्हणून मी बाळ कुणाला दाखवत नव्हते. पण ती म्हणाली, "नात अगदी तुमच्यावर गेलीया म्हणं," आणि मी विरघळले. मिरवायची हौस, दुसरं काय! "थांबा, आणते," म्हणून मी आत गेले.

खोलीत नुसती ऊब कोंडलेली. लेक कुशीवर गाढ झोपलेली. नवार मधोमध खोल गेली होती आणि त्या खोलगटात बाळ आईच्या अंगाखाली सरकलं होतं. वाकळ डोक्यावरून गेलेली, बाहेर फक्त एक पाऊल. मी वाकळ ओढली. बाळाचं नाक आणि तोंड आईच्या छातीत पुरतं दबलेलं होतं. मी त्याला उपसून बाहेर काढलं, तर ते रडलं नाही. ओठ काळसर दिसत होते. मी पाठ चोळली, तळपाय चोळले, मोठमोठ्यानं हाका मारल्या. किती वेळ गेला ते मला आजही सांगता येणार नाही. मग त्यानं एक आचका दिला आणि ते रडलं. लेक दचकून उठली. कान बांधलेले, काय झालंय ते तिला कळेना. कळलं तेव्हा तिनं बाळ माझ्या हातातून ओढून घेतलं.

आमच्या घरच्यांनी तशीच रिक्षा आणली. डॉक्टरबाईंनी बाळ तपासलं, दिवसभर नजरेखाली ठेवलं आणि आता धोका नाही म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "असं गाद्यांवर, पांघरुणात, झोपेत पाजायला कुणी सांगितलं?"

मी तोंड उघडायच्या आत लेक म्हणाली, "कुणी न्हाई मॅडम. माझाच डोळा लागला."

आणि मी गप्प बसले. मला गल्लीत आजवर कुणी गप्प बसवलेलं नाही, पण तिथं बसले.

डॉक्टरबाई लेकीला रागावल्या नाहीत. बाळंतिणीला झोप येणारच, त्यात तिचा दोष नाही, म्हणाल्या. म्हणून तर सोय आधी करून ठेवायची. डोळे जड झाले की कुणाला तरी हाक मारायची. आडवं होऊन पाजायची वेळ आलीच तर अंथरूण सपाट आणि टणक हवं, बाळाजवळ उशी नको, अंगावर जड पांघरूण नको. दूध पिऊन झालं की बाळ वेगळ्या अंथरुणावर, पाठीवर. बंद खोलीत निखारे ठेवता म्हटल्यावर तर त्यांनी कपाळालाच हात लावला.

घरी आल्याबरोबर मी शेगडी अंगणात काढली, बाज भिंतीला उभी केली आणि खाली सतरंजीवर पातळ, घट्ट अंथरूण घातलं. शेजारणी नाकं मुरडायला लागल्या. बाळंतीण जमिनीवर? वात होईल की! "होऊ द्या," मी म्हणाले, "वातावर औषध हाय." सकाळचा क्रमही मी उलटा केला: आधी बाळाचं दूध, मग मालिश आणि पाणी. त्यानंतर लेकीनं एकटीनं खुशाल घोरावं, बाळ माझ्याकडं. मध्येच त्याला भूक लागली तर मी लेकीच्या समोर बसून भांडण उकरून काढायची. लग्नात माझ्या पसंतीच्या साडीला नको काहून म्हणालीस, इथून सुरुवात. भांडायला लागली की तिची झोप कुठल्या कुठं पळायची. दुकानात आमचे हे गिऱ्हाइकांना सांगायचे, आत तोंडाचा पट्टा चालू हाय म्हणजे लेकरू दूध पितंय.

घडलं ते सासरी कुणाला सांगायचं नाही, हे लेकीनंच ठरवलं. "तुझ्या नावाला बट्टा कशाला?" म्हणाली. जावयाच्या व्हिडिओ कॉलवर ती हसून बोलायची. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

दोन महिन्यांनी मी तिला पोचवायला अंबाजोगाईला गेले. विहिणीनं हाताला धरून मला थेट आतल्या खोलीत नेलं. पाच-सहा बायका जमलेल्या. नवीकोरी बाज, ताज्या पिंजलेल्या कापसाच्या दोन गाद्या, चार उशा, मऊ रजई, खाली शेगडी.

"ईनबाई, तुमी केलतं अगदी तसंच केलंय बघा," विहीण म्हणाली. "बारशाला सगळं ध्यानात ठेवून आल्ते. एक गोष्ट सोडली न्हाई."

माझी कीर्ती माझ्याआधी इथं येऊन बाजेवर पसरली होती. लेकीकडं पाहिलं, ती खाली मान घालून उभी. तिच्या कानात सांगता आलं असतं, जमिनीवर झोप म्हणून. पण सासूनं हौसेनं घातलेली गादी सुनेनं नाकारली की ते नखरे ठरतात. मग सून दोन दिवस तग धरते आणि तिसऱ्या दिवशी मुकाट त्याच गादीवर आडवी होते. मीही सून म्हणून नांदले आहे.

"ईनबाई, हे सगळं काढा," मी म्हणाले.

तिचा चेहरा पडला. "काय कमी पडलं का?"

"तुमचं काई कमी न्हाई. चूक माझी हाय. अशाच बाजेवर मी हिला झोपून पाजायला लावलं आन् लेकरू गुदमरलं. मला आत जायला जरा उशीर झाला असता, तर आज मी तुमच्याकडं रिकाम्या हातानं आले असते."

विहिणीनं सुनेकडं पाहिलं. "खरं का गं?"

"न्हाई हो आत्या," लेक घाईघाईनं म्हणाली. "माझाच डोळा लागलता. आईचं काय न्हाई त्यात."

"खोटं बोलती ती," मी म्हणाले. "माझ्यासाठी बोलती. झोप आवरंना म्हणून तिनं मला सांगितलतं. एकदा न्हाई, दोनतीनदा. मीच ऐकलं न्हाई."

तेव्हा लेक रडली. त्या दिवसापासून पहिल्यांदा, हुंदके देऊन.

विहिणीनं उशा उचलून शेजारच्या बाईच्या हातात दिल्या, शेगडी बाहेर न्यायला सांगितली. मग सुनेजवळ जाऊन तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "झोप आली की मला सांगायचं. धा वेळा सांगायचं. मी ऐकंन."

इतक्या बायकांदेखत चूक कबूल करूनही मला लाज वाटली नाही. मला हेवा वाटला विहिणीचा. हे वाक्य माझ्या लेकीनं आधी माझ्या तोंडून ऐकायला हवं होतं.