ऐकून घेण्याचं औषध

मी बोलकी. लोणंदला आमचं घर स्टेशनाच्या बाजूला, बाजाराच्या दिवशी ओसरीवर माणसांचा राबता, त्यामुळे गप्प बसायची सवय मला कुणी लावलीच नाही. लग्न होऊन शिराळ्याकडच्या खेड्यात आले तेव्हा सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या की सून कामाला चांगली आहे, पण कान किटवते. अशा बाईला एका डॉक्टरांनी गप्प राहायला सांगितलं, तेच औषध म्हणून, आणि मी ते पाळलं. माहेरी ही गोष्ट अजून कुणाला खरी वाटत नाही.

लढाई संपली आणि हे ब्रह्मदेशातून परत आले. लग्नाची हळद निघायच्या आत पलटणीत गेलेले, खेचरांच्या तुकडीत. गेले तेव्हा शीळ घालत गेले होते. आले ते परसात भिंतीकडे तोंड करून बसले. जेवायला बोलावलं तर जेवत, काही विचारलं तर नुसतं ‘हूं’. गोठ्यात पाऊल टाकत नसत. बैल हंबरला की उठून लांब जात, आणि शेतकऱ्याच्या घरात असं वागणाऱ्याची गावात किती चेष्टा झाली ती मी सांगत बसत नाही. अंगारे झाले, देवऋषी झाला, सासूबाईंनी घरातलं होतं नव्हतं ते तूप ह्यांच्या ताटात ओतलं. भाऊबंद येत आणि झालं गेलं विसर म्हणून सांगून जात. मला एकच धास्ती होती, की हे असेच राहणार आणि मी जन्मभर एका पाठीशी संसार करणार.

शेवटी मामंजींनी मिरजेला न्यायचं ठरवलं. न्यायचं म्हणजे सगळ्यांनी जायचं. आजारी माणसाला एकटं डॉक्टरकडे पाठवणं आमच्याकडे वाळीत टाकल्यासारखं. मामंजी, सासूबाई, थोरले दीर, चुलत सासरे, आणि सगळ्यांच्या मागे पदर सावरत मी. डॉक्टर स्वतः लष्करात राहून आलेले होते. त्यांनी ह्यांना विचारलं, झोप लागते का? सासूबाई म्हणाल्या, लागत नाही. भूक कशी आहे, ते थोरल्या दिरांनी सांगितलं. मग स्वप्नं पडतात का, तर त्याचं उत्तर चुलत सासऱ्यांनी दिलं, आणि ते तर दुसऱ्या गावात राहत होते. डॉक्टर हसले आणि त्यांनी आम्हा सगळ्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं.

बऱ्याच वेळानं मला एकटीला आत बोलावलं. हे मान खाली घालून बसलेले. शरीराला काही झालेलं नाही, डॉक्टर म्हणाले, मनात साठलंय, ते बोलल्याशिवाय हलकं व्हायचं नाही; पण बोलायला रोज मिरजेला कोण येणार?

“हे बोलतील तेव्हा तुम्ही फक्त ऐकायचं. विसरा म्हणायचं नाही, समजूत घालायची नाही. नाही बोलले, तर तुम्हीही गप्प बसायचं. जमेल?”

मी हो म्हणाले. परत आल्यापासून हे पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघत होते, आणि मला जमेल असं त्यांना अजिबात वाटत नव्हतं.

बाहेर आल्यावर सासूबाईंनी बाटली कुठे आहे म्हणून विचारलं. बाटली नाही, ऐकणं हेच औषध, हे कळल्यावर त्या घरी येईपर्यंत विचारातच होत्या. दुसऱ्या दिवशी बघते तर आळीतल्या साऱ्या बायका अंगणात घोंगडी टाकून ह्यांच्याभोवती बसलेल्या. औषध एकीनं देण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून दिलं तर गुण लवकर येईल, असा सासूबाईंचा विचार. “बोल लेकरा,” त्या म्हणाल्या, “आमी समद्या ऐकतूय.” हे उठले ते थेट ओढ्यापलीकडे गेले आणि दिवेलागणीलाच परत आले. मला सासूबाईंचा राग आला आणि हसूही आवरेना.

पण बोलायचं तरी कुठे? नवराबायकोनं दिवसाउजेडी घरात बोलत बसायची रीत नव्हती. तोड काढली ती मामंजींनी. उसाला पाणी द्यायचे दिवस होते. थोरल्या दिरांनी विहिरीवर मोट हाकायची, आणि सरी भरली की पाणी पुढच्या सरीत वळवायला, म्हणजे दारं धरायला, आम्ही दोघांनी उभं राहायचं. ऊस अजून गुडघ्याएवढाच होता. दिरांना आम्ही दिसत होतो, म्हणून रीत सांभाळली गेली. मोटेच्या कुरकुरीत आमचं बोलणं त्यांना ऐकू जाणार नव्हतं, म्हणून औषधालाही जागा झाली.

सुरुवातीला हाल झाले ते माझे. सांगायला केवढं होतं! शेजारणीचं भांडण, नणंदेचं बाळंतपण, सगळं पोटात दाबून मी सरीकडे बघत उभी राहायची. हे माझ्याकडे चोरून बघायचे. एकदा तर माझी तगमग बघून ह्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू आलेलं मी पकडलं.

मग एका दुपारी खोऱ्यावर रेलून, पाण्याकडे बघत हे बोलायला लागले. ह्यांच्याकडे एक करडं खेचर होतं, खिशातला गूळ हुंगून काढणारं. ब्रह्मदेशाच्या त्या रानात शत्रूला चाहूल लागू नये म्हणून खेचरांच्या घशात चिरून त्यांचा आवाजच बंद करत. नदी उतरताना ह्यांचं करडं खेचर ओझ्यासकट वाहून गेलं.

“तोंड उघडून माज्याकडं बगत हुतं. आवाजच न्हाई,” हे म्हणाले. “बरुबरची मानसं गेली तवा डोळ्यास्नी पानी आलं न्हाई, आन् खेचरासाटी रडतूय. कुनाला सांगू ह्ये?”

एक जनावरच होतं ते, असं अगदी जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं. हे रडत होते, मीही रडत होते, आणि सरी फुटून पाणी बांधाबाहेर चाललं तेव्हा दीर विहिरीवरून ओरडायला लागले.

त्यानंतर थोडं थोडं करत पुष्कळ निघालं. हे गोठ्यात जायला लागले, बैलांच्या माना खाजवायला लागले. तुपाचा गुण आला, असं सासूबाईंनी गावभर सांगितलं, आणि आम्ही दोघांनी तो त्यांच्याकडेच राहू दिला.

पावसाआधीचं शेवटचं पाणी देताना ह्यांनी मला विचारलं, “माजं समदं सांगून झालं. मी न्हवतो तवा तुजं कसं चाललं हुतं?”

इतक्या वर्षांत मला हे कुणीच विचारलं नव्हतं. जगाच्या गोष्टी मी घडाघडा सांगायची, ही मात्र आईलाही सांगितली नव्हती. पोस्टाचा शिपाई गावात आला की मी कणगीच्या मागे जाऊन कानांत बोटं घालून बसायची, कुणाच्या तरी घरचा माणूस लढाईत गेल्याची तार असेल म्हणून. तार आमची नाही हे कळलं की बाहेर येऊन पुन्हा भाकरी थापायची, आणि सासूबाईंना वाटायचं सून कामचुकार आहे. ते सगळं मी त्या दिवशी ह्यांना सांगितलं.

ह्यांनी खोरं खाली ठेवलं आणि दिरांच्या डोळ्यांदेखत बांधावर माझ्याशेजारी येऊन बसले.