गीझरच्या पाण्याची मी लावलेली वाट

आमच्या गीझरनं खालच्या साहू काकींची दोन खाटा भरून वाळत घातलेली बिजौरी उकडून काढली, तेव्हा मी पूर्ण शुद्धीत होतो.

पुरानी बस्तीत आम्ही वरच्या मजल्यावर राहतो आणि आमच्या बाथरूमची खिडकी नेमकी काकींच्या अंगणावर उघडते. गेल्या हिवाळ्यात नळाला जोर नाही म्हणून मी पंप बसवून घेतला. नळाला जोर आलाच, पण गीझरलाही चेव आला! गीझरच्या खाली एक पितळी वाल्व असतो, त्याला करंगळीएवढं तोंड असतं. त्या तोंडातून गरम पाणी टपकू लागलं. कुठे? आंघोळीला बसणाऱ्याच्या बरोब्बर टाळूवर! (माझ्या टाळूवर आता ते पाणी अडवायला काही उरलेलं नाही.)

"अहो, मिस्त्रीले बोलवा," आमची मंदा म्हणाली.

"मिस्त्री काहून? घरात माणूस असताना?"

"कोणता माणूस?" तिनं खरोखर इकडेतिकडे पाहिलं.

झालं! रविवारी सकाळी मी झाडांना पाणी घालायचा प्लास्टिकचा पाइप घेतला, एक टोक वाल्वच्या तोंडात कोंबलं आणि दुसरं खिडकीबाहेर सोडून दिलं. टाळू कोरडी! खिडकीखाली काय आहे हे बघण्याइतका वेळ मोठ्या कामात कुणाकडे असतो?

गीझर तापलेलाच होता. पंप सुरू झाला, पाइपातून धार सुटली आणि खालून आरोळी आली.

"ए भैया! तैं मोर जम्मो बिजौरी ला उसन डारेस!"

माझी सगळी बिजौरी उकडलीस, असं काकी ओरडत होत्या. मी डोकं बाहेर काढलं. काकींनी दोन दिवस खपून उडदाची डाळ वाटून, तीळ लावून बिजौरीच्या वड्या वाळत घातल्या होत्या. दोन्ही खाटांवरून वाफा निघत होत्या आणि खाटांखाली कढी ठिबकत होती.

"काकी, कुनकुना ही था! कोमट!" मी वरून म्हणालो. (आयुष्यातला सगळ्यात मोठा मूर्खपणा हाच, असं मला पुढची वीस मिनिटं वाटत होतं.)

मंदा पदर खोचून माफी मागायला खाली गेली. मी चिडलो. पाइप ओढून काढला, सागवानी काटकीचं बूच तासलं, त्याला सुतळी गुंडाळली आणि वाल्वच्या तोंडात हातोडीनं ठोकून बसवलं. पाणी बंद! एक थेंब नाही! मी विजयी मुद्रेनं चहा टाकायला गेलो.

मंदा परत आली आणि दारातच थबकली. "अहो, हा गीझर कण्हून काहून राहिला?"

"थंडी आहे ना."

तेवढ्यात आमची ऋचा उठून आली. पोट्टी इंजिनीअरिंगला आहे, मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीतच देते.

"पापा, पाइप निकाल दिया? फिर पानी कहाँ जा रहा है?"

"कुठेच नाही!" मी छाती फुगवून म्हणालो.

तिचा चेहरा पांढरा पडला. "पापा! वो सेफ्टी वाल्व है! पानी गरम होके फैलता है, वहीं से निकलता है! टंकी फट जाएगी!"

मंदानं धावत जाऊन बाहेरचा स्विच बंद केला. मी बिसाहू भैयाला फोन लावला. तो आमचा जुना नळवाला, भनपुरीत कुठेतरी कामावर होता. मी त्याला बुचाचं सांगितलं.

"बूच किसने लगाया?"

"लग गया है," मी म्हणालो.

"हव, समझ गया," तो म्हणाला. "पंप बंद करो. दूर खड़े होके गरम पानी का नल धीरे से खोलो, दाब निकलने दो. पूरा ठंडा हो जाए, तब बूच निकालना."

नळ कोण उघडणार? दोघी माझ्याकडे बघत होत्या. घरातला माणूस अखेर त्यांना सापडला होता!

मी हेल्मेट घातलं, रेनकोट चढवला, गमबूट नव्हते म्हणून ऑफिसचे बूट घातले आणि वायपरचा दांडा पुढे धरून आत शिरलो. दांड्यानं नळ ढोसला. फुस्स! वाफ, पाणी, पुन्हा वाफ, आणि त्या वाफेतून मी (हेल्मेटची काच धुरकटल्यामुळे) उलटा भिंतीवर आदळत बाहेर आलो. पण गीझर कण्हायचा थांबला होता. दोन तासांनी बूच उपटलं तेव्हा ऋचानं टाळ्या वाजवल्या.

आता माघार नव्हती. बिसाहू भैयानं फोनवर सांगितलं ते मी कागदावर लिहून घेतलं: पाइप उष्णता सहन करणारा हवा, वरपासून खालपर्यंत उतार हवा, मध्ये कुठे पीळ नाही, नळ नाही, बूच तर नाहीच. खालचं तोंड उघडं, मोरीच्या जाळीच्या वीतभर वर, पाणी पडतंय ते दिसेल असं, पण कुणाच्या पायावर उडणार नाही असं. आणि पंपाचा दाब तो स्वतः येऊन कमी करणार. मी बाजारातून पाइप आणला, क्लॅम्प आणले. पहिला क्लॅम्प वाकडा बसला, दुसरा माझ्या बोटावर. तिसऱ्यापासून हात बसला! तोवर मंदानं नवी डाळ भिजवली होती. दुसऱ्या दिवशी ती मी स्वतः वाटली आणि काकींच्या खाटांवर बिजौरी घालायला बसलो. काकींनी माझ्या बिजौऱ्यांचे आकार बघितले आणि त्या वेगळ्या ठेवल्या.

मग पाइपाची परीक्षा. काकींना मुद्दाम वर बोलावलं. गीझर लावला. आम्ही चौघं बाथरूमच्या दारात दाटीवाटीनं उभे. पाच मिनिटं. दहा मिनिटं. मंदानं माझा हात धरला. आणि पाइपाच्या तोंडाशी एक थेंब फुगला, लोंबला, आणि... टप्! थेट जाळीत!

"हव, अब बने हे," काकी म्हणाल्या. बने म्हणजे झकास!

संध्याकाळी बिसाहू भैया आला. दाब कमी केला, पाइपावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "ये किस मिस्त्री ने किया? एकदम साफ काम है." हे वाक्य मी त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं. पुढच्या महिन्यात आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, चार घरांत माझ्या देखरेखीखाली असेच पाइप लागले, आणि एकाही घरात काही उकडलं नाही!

यशानं माणूस बिघडतो म्हणतात. परवा नागपूरहून माझा साळा विलास आला. आंघोळीला गेला. मला राहवेना, मी दार वाजवलं.

"विलास, पाइपाचा उतार पाहिला का?"

"पाहिला, भाऊजी!" आतून आवाज आला. "पण तुम्ही तिसऱ्यांदा विचारून राहिले! मले आता साबण तर लावू द्या!"