डब्यावरचं हिरवं वर्तुळ

अब्बांचा चाळिसावा झाला आणि तिसऱ्या दिवशी मी अम्मीला घेऊन हॅनोव्हरला निघाले. भवानी पेठेतल्या घराला कुलूप लावून तिनं किल्ली समोरच्या महादेवीअक्कांच्या हातात दिली. अक्का लिंगायत, आम्ही मुसलमान. चाळीस वर्षं दोन्ही घरांतून वाट्या ये-जा करत होत्या.

"भाभी, लवकर या की. तितं बोलनार कोण तुमच्याशी?"

"रिक्षावाला थांबलाय अक्का, रडवू नका."

सोलापुरात अम्मीला दोनच गोष्टी पाहाव्या लागत: मटण ओळखीच्या खाटकाकडचं आणि पुड्यावर हिरवा ठिपका. जर्मनीत एकटी असताना मी फारसं काही पाहत नसे. तिला हे कधी सांगितलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात दुकानात तिनं विचारलं, तेव्हा मी दह्याच्या डब्यावरचं हिरवं वर्तुळ दाखवलं. म्हटलं, हे असलं की बिनधास्त घे.

सात महिने ती रोज ते दही भाताबरोबर खात होती. किती घट्ट लागतं, असं कौतुकानं म्हणायची. मग एके दुपारी खालच्या मजल्यावरची तुर्की बाई चहाला आली. तिनं डबा उलटा केला आणि बारीक अक्षरांतल्या एका शब्दावर बोट ठेवलं. जेलेटिन. इथे ते बहुतेक डुकराचं असतं. हिरवं वर्तुळ पॅकिंगच्या पुनर्वापराचं होतं.

अम्मी ओरडली नाही. "तेरेकू तो पढ़ने आता ना?" एवढंच म्हणाली.

अजाणता खाल्लं तर गुनाह नाही, हे लहानपणी मला तिनंच शिकवलं होतं. मी ते तिला सांगून पाहिलं. तिनं घरातली सगळी भांडी घासली आणि त्या दिवसापासून स्वतः शिजवलेला भात तेवढा खाल्ला. मार्चमध्ये ती परत गेली. सोलापुरात सगळं ठीक होईल, अशी माझी समजूत होती.

ती पोचली त्याच दिवशी अक्का श्रीखंड घेऊन आल्या. अम्मीनं विचारलं, "ह्याचं पाकीट कुटंय?"

अक्का हसल्या. "माझ्या हाताला काय पाकीट असतंय व्हय?"

अम्मीनं वाटी घेतली नाही. दुसऱ्यांदा आमटी आणली, तीही नाही. अक्कांनी मला फोन केला. "काय खाऊ घातलंस गं तिला तितं?" आता त्या वाटी घेऊन येत नाहीत.

अम्मी मला रोज फोटो पाठवते: चहापत्ती, हळद, बिस्किटं. मी मजकूर मोठा करून शेवटपर्यंत वाचते आणि 'चालतं' असं लिहिते. काल मिठाच्या पुडीचा आला. उत्तर दिल्यावर अर्ध्या तासानं तोच पुन्हा आला. पुडीच्या कडेला तिचा अंगठा आणि ओट्याची वीतभर फरशी दिसत होती. सोलापूरचं घर मला आता एवढंच दिसतं.