आक्कांचा भरलेला तांब्या

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयातल्या आक्का दिवसभरात पाण्याचा थेंब तोंडात घालत नसत. टेबलावर सकाळीच तांब्या भरलेला असायचा, वर पालथं फुलपात्र. संध्याकाळी निघताना तो तांब्या जसाच्या तसा दारातल्या कडुलिंबाला. बाहेर टँकरमागे बायका घागरी घेऊन पळतायत आणि ही बाई भरला तांब्या रोज झाडाला घालते! मला मेलीला नसत्या चौकशांची भारी खोड. चैन पडेना.

कॉलेज साखर कारखान्याच्या मंडळींनी काढलेलं. मी तिथं भूगोल शिकवायची, म्हणजे वर्गात पावसाचे प्रकार सांगायचे आणि खिडकीतून कोरडं आभाळ बघायचं. आक्का युसूफ वडगावच्या. लहानपणी पोलिओ झालेला, उजव्या पायाला लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर, हातात काठी. धाकटा भाऊ लुनावर आणून सोडायचा. पायाबद्दल कुणी हळहळलं की म्हणायच्या, "पाय लंगडा हाय, तोंड न्हाई."

तोंड खरंच धडधाकट होतं. बोटाला थुंकी लावून पान उलटणाऱ्या पोराची धडगत नसे. "आरं, पुस्तक हाय ते! तंबाखू मळायलास का?" मास्तर लोकांनाही तोच प्रसाद. पण चहा आला की गप्प. कप नाकाशी न्यायच्या, डोळे मिटून वास घ्यायच्या आणि माझ्याकडे सरकवायच्या. "घे. मला पावला."

मी शिपायाला विचारलं. तो म्हणाला, पावसासाठी नवस असंल. एक मास्तर म्हणाले, सोवळं असेल हो, कुणाच्या हातचं चालत नसेल. प्राचार्यांनी तर निकालच लावून टाकला. भर सभेत म्हणाले, "पाणीबचत शिकायची तर आक्कांकडून शिका!" आक्का खाली मान घालून पुस्तकांना खाकी कव्हरं घालत राहिल्या.

त्या उन्हाळ्यात एक दिवस त्या टेबलावरच कलंडल्या. अंगात फणफणून ताप. मी रिक्षा करून त्यांना केजला दवाखान्यात नेलं. डॉक्टर आक्कांच्या ओळखीचे निघाले, आणि चिडलेलेही. "पुन्हा लघवीचा त्रास? बाई, भरपूर पाणी प्या, नाहीतर ती नोकरी सोडा. मूत्रपिंडं काय दुकानात मिळतात?"

येताना रिक्षात मला राहवेना. "पण आक्का, कावून पीत न्हाई ओ?"

रिक्षावाल्याला ऐकू जाऊ नये म्हणून त्या माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, "प्यालं की जावं लागतं गं. बायकांचा संडास मागं, पायऱ्या ह्या अशा उंच, धरायला कठडा न्हाई. एकदा पडले तवा दोघा शिपायांनी उचलून आणलं. त्या दिवसापासून बंद." आणि तांब्या? "तो समोर दिसला की कुनी पाणी घ्या म्हणत न्हाई." आता भाऊ म्हणत होता, दिवाळीनंतर घरीच बस. एका कपाटावर सुरू केलेलं ग्रंथालय आक्कांनी तीन खोल्यांचं केलं होतं. ते सांगताना त्यांना रडू आलं, मलाही.

मी तडक प्राचार्यांकडे गेले. ते वाईट माणूस नव्हते. कळवळले, पण म्हणाले, "मॅडम, दुष्काळात बांधकाम? सिमेंटवर मारायला पाणी कुठून आणू? पाऊस पडू द्या, मग पायऱ्यांचं बघू." आणि वर त्यांनी काय करावं? पाणीबचतीबद्दल आक्कांचा सत्कार ठेवला! कारखान्याचे चेअरमन, म्हणजे आमचे तात्या, अध्यक्ष.

शाल झाली, नारळ झाला. दोन शब्द बोला म्हटल्यावर आक्का काठी टेकत उठल्या.

"तात्या, मी पाणी वाचवत न्हाई. मी पाण्याला भेते. मला मागच्या पायऱ्या चढता येत न्हाईत, म्हणून मी पीत न्हाई. ग्रंथालयाशेजारी तुमच्या आरामाची खोली हाय. पायरी न्हाई, आत संडास हाय. तुमी येता वर्षातून दोनदा, बाकी कुलूप. माझ्या टेबलावरून ते कुलूप रोज दिसतं. मला बांधकाम नको, ते कुलूप काढा."

प्राचार्यांनी कपाळावरचा घाम पुसला. तात्या म्हणाले, "पोरी, इतकी वर्षं कावून सांगितलं न्हाईस?"

"चारचौघांत कसं सांगू? आन एकट्यात कुनी इचारलं न्हाई."

तात्यांनी जागेवरूनच शिपायाला हाक मारली, "जा रे, उघड ती खोली. आन टँकरची पयली बादली तिथं." आक्कांनी अध्यक्षांच्या पुढ्यातला पाण्याचा गलास उचलला आणि सगळ्यांसमोर घटाघटा रिकामा केला. मी टाळ्या वाजवल्या. आधी एकटीनेच, मग सगळ्यांनी.

नोकरी टिकली. चहाचा कप माझ्याकडे सरकायचा बंद झाला, उलट माझ्यातलाही अर्धा जाऊ लागला. हळूहळू त्या खोलीत पोरीही जाऊ लागल्या. एक आठ महिन्यांची गरोदर शिक्षिका तर आक्कांचे पाय धरायची तेवढी बाकी होती.

निवृत्तीच्या दिवशी आक्कांनी मला कपाटाआड बोलावलं आणि पिशवीतून ते जुनं पितळी कुलूप काढून माझ्या हातात दिलं, किल्लीसकट. "हे घरी ने. हितं ऱ्हायलं तर कुनीतरी परत लावील."

आक्का आता या जगात नाहीत. फार आठवण येते, विशेषतः चहाच्या वेळी. परवा नवे प्राचार्य कॉलेजभर फिरत होते. त्या दारापाशी थांबून म्हणाले, "एवढी चांगली खोली, हिला कुलूप कसं नाही?"

मी म्हटलं, "हरवलं, साहेब."