आईच्या खोलीचा उंबरा

आमच्या घराच्या मागे, धुण्याच्या दगडापलीकडे, थोडी मोकळी जागा होती. तिथे कढीपत्त्याचं झाड होतं, एक मोडकी सायकल होती आणि कधीतरी लागतील म्हणून ठेवलेल्या जुन्या फरश्या होत्या. त्या जागेवर एक खोली आणि तिला लागून बाथरूम बांधायचं, एवढाच बेत. वापीजवळच्या आमच्या टोकरखाड्यात लोक मजल्यावर मजला चढवतात आणि वास्तुशांतीची पत्रिका घेऊन हसत हसत दारात येतात. मला वाटलं, एका खोलीला काय लागतं!

खोली आईसाठी होती. आई तापीकाठच्या आमच्या गावी एकटी राहते आणि तिचे दोन्ही गुडघे पार गेलेत. ऑपरेशन इकडे वापीला करायचं, मग आमच्याकडे राहायचं, असं ठरलेलं. पण आमचं घर म्हणजे खाली हॉल आणि स्वयंपाकघर, वर झोपायच्या खोल्या आणि बाथरूम. डॉक्टरांनी बजावलं होतं, जिना नको, पायरी नको, जमीन सपाट हवी. आईने याआधी ऑपरेशन दोनदा पुढे ढकललेलं. एकदा पापड करायचे राहिले होते म्हणून, आणि एकदा शेजारणीच्या नातीचं लग्न होतं म्हणून. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "तुझी खोली होऊ दे भाऊ, खोली झाली की लगेच ऑपरेशन." (आई अहिराणीत बोलते. सगळ्यांना कळावं म्हणून मी इथे सरळ मराठीत लिहितोय, तेवढी चटणी कमी समजून घ्या.) डॉक्टर म्हणाले, आता उशीर केला तर पाय वाकडेच राहतील. म्हणजे आई पुन्हा चालणार की नाही हे माझ्या खोलीवर ठरणार होतं, आणि खोली ठेकेदाराच्या हातात होती.

ठेकेदार जवळच्याच अथालचा. गळ्यात सोन्याची साखळी, हातात दोन फोन, आणि तोंडात एकच वाक्य: "थई जशे, साहेब." म्हणजे, होऊन जाईल. वाळू कधी येणार? थई जशे. चौकट तिरकी दिसतेय. थई जशे. मी सूत काढणाऱ्या कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर आहे. तिथे एक मशीन थांबलं तर मी वाघासारखा धावतो आणि माणसं माझ्याकडे बघून कामाला लागतात. घरी मात्र मी पायजम्यात सिमेंटच्या गोण्यांमध्ये उभा राहून, "अहो, जरा बघा ना," असं म्हणायचो.

त्या दिवसांत आम्ही कसे राहिलो ते विचारू नका. मागचं दार बंद, म्हणून भांडी पुढच्या व्हरांड्यात. वाळू फाटकातच ओतलेली, म्हणून माझी स्कूटर शेजाऱ्यांच्या अंगणात, आणि शेजाऱ्यांचं तोंड वाकडं. फरशी कापायचं यंत्र सुरू झालं की टीव्हीतली माणसं नुसतीच तोंडं हलवायची. वरणात कचकच लागायची. बायको म्हणायची, "जिरं असेल." मी म्हणायचो, "जिरं दाताखाली एवढं वाजत नाही." मग दोघं गुपचूप गिळायचो.

गवंडी आमच्याच भागातला निघाला, साक्रीकडचा. मला कोण आनंद झाला! इथे कामावर दिवसभर हिंदी-गुजराती बोलून माझी जीभ दमलेली असते. गावाकडचा माणूस, मनापासून काम करणार, असं मी बायकोला ऐकवलं. ती चिपळूणची, इथे मराठी शाळेत शिक्षिका. ती म्हणाली, "मनापासून ठीक आहे. हातांनी पण करेल ना?"

मी कौतुकाने गवंड्याची आणि आईची व्हिडिओ कॉलवर गाठ घालून दिली. चूक केली.

"काय भो, कोणतं गाव तुझं?" आईने विचारलं, इथून सुरुवात झाली. मग त्याची मावशी आईच्या माहेरच्या गावात दिलेली निघाली. तो तिला "माय" म्हणायला लागला आणि मी कामावर गेलो की फोन परस्पर लागायला लागले. आधी आई म्हणाली, गवंडी डबा घेऊन येतो हे बरं दिसत नाही. घराचं काम चालू असताना कारागीर घरचंच जेवला पाहिजे.

"आमच्याकडे गवंड्याला चहा देतात," बायको म्हणाली. "फार तर बुडवायला बटर."

"तुमच्याकडे जांभ्याचे चिरे आयते रचायला मिळतात, बाई," आई फोनवरून म्हणाली. बायकोने फोन माझ्या हातात दिला आणि कणिक मळायला घेतली. राग आला की ती कणिक मळते.

रोज जेवण सुरू झालं. शेवभाजी, कळण्याची भाकरी, ठेचा. त्यात एका रविवारी आईच्या हुकुमावरून मी स्वतः वरण-बट्टी केली, सोबत घोटलेल्या वांग्याची भाजी. बट्टी तुपात चुरून सगळ्यांना वाढली. मी वाढपी, मीच आग्रह करणारा. "घ्या हो, अजून एक. लाजता काय!" दुपारी फरशी बसवायची होती. जेवण झाल्यावर मी हात धुऊन आलो, तर गवंडी कढीपत्त्याखाली आडवा, त्याचे जोडीदार वाळूवर आडवे, आणि नेमका तेव्हाच आलेला ठेकेदारही ताट चाटूनपुसून हॉलमधल्या सोफ्यावर आडवा. मी उभा होतो, तोही भिंतीला टेकून.

संध्याकाळी उठल्यावर ठेकेदारच मला म्हणाला, "साहेब, बुरा मत मानो. जमाडवानु बंध करो. इसमें काम नहीं होगा."

जेवू घालणं बंद करा म्हणे. माझंच जेवण जेवून मलाच दम!

पुढे खिडकी सरकली. आई म्हणाली, पलंगावरून झाड दिसलं पाहिजे. अर्धी भिंत पाडली आणि परत बांधली. मग भिंतीत देवासाठी कोनाडा हवा झाला. मग तो कोनाडा लहान पडला. प्रत्येक वेळी मी कामावरून यायचो तर कालची भिंत आज वेगळी. गवंडी शांतपणे म्हणायचा, "मायनं सांगितलं." मी चिडलो की बायको म्हणायची, "अहो, त्यांना राहायचंय तिथे. सांगू देत." आईच्या बाजूने ती बोलली की मला आणखी राग यायचा, कारण मग भांडायला कोणी उरायचं नाही.

तरीही, काम पुढे सरकत गेलं. रंग झाला, कमोड बसला, भिंतीला धरायचे दांडे लागले. डॉक्टरांनी तारीख दिली. मी वॉकर विकत आणला. संपलं एकदाचं, असं म्हणत दुसऱ्या दिवशी पहिली पाळी करून घरी आलो आणि थेट मागे गेलो.

दारात उंबरा होता.

काळ्या कडप्प्याचा, चांगला चार बोटं उंच, चौकटीत गच्च बसवलेला. त्यावर हळदीकुंकवाची बोटं. शेजारी फोडलेल्या नारळाच्या करवंट्या. गवंडी खोबऱ्याचा तुकडा चघळत माझ्याकडे बघून हसला.

"हे काय आहे?"

"उंबरा, दादा."

"ते दिसतंय मला. जमीन सपाट हवी म्हणून मी महिनाभर ओरडतोय ना?"

"मी बी तेच बोललो मायले. तर माय म्हणे, उंबराबिगर घर ऱ्हास का भो? गोडाऊन ऱ्हास." उंबऱ्याशिवाय घर नसतं, गोदाम असतं, हा मायचा निवाडा ऐकवून तो वर म्हणाला, "खरं शे ना पण."

मी तावातावाने वॉकर आणला. म्हटलं, याला दाखवूनच देतो. गुडघे ताठ ठेवून, आईसारखा पाय ओढत मी दाराशी गेलो. वॉकर उचलून पलीकडे ठेवला, पाय उंबऱ्याला अडकला आणि मी वॉकरसकट नव्या खोलीत प्रवेश केला, तोंडावर. बायको धावत आली. मला काही झालं नाही हे बघितल्यावर ती तोंडावर पदर धरून बाहेर गेली आणि बराच वेळ आत आली नाही.

"फोडा हा," मी जमिनीवरूनच म्हणालो.

गवंडी मागे सरकला. "पूजा झालेला उंबरा? मी नाही फोडणार दादा. मायले विचारा."

ठेकेदाराला फोन केला. तो म्हणाला, "उसमें क्या है? दोनों साइड सिमेंट का ढाळ दे देंगे. थई जशे." मी म्हटलं, ढाळ दिला तर दार कसं लागणार? यावर त्याचा दुसरा फोन वाजला.

शेवटी आईला लावला. स्पीकरवर, कारण गवंड्याला तिच्या तोंडून ऐकायचं होतं.

"आई, उंबरा कशाला घालायला सांगितलास? तुला तो ओलांडता येणार नाही."

"हो का? अरे देवा," आई म्हणाली. तिला आश्चर्य वाटल्यासारखं मुळीच वाटलं नाही. "मग राहू दे आता. घाईघाईत मोडतोड नको. होळीनंतर सावकाश बघू. ऑपरेशन पण होळीनंतरच करू."

एवढं बोलून ती मिरच्यांच्या भावावर गेली. मी नव्या फरशीवर बसलेलो, ढोपर चोळत. आणि मला खिडकी आठवली, कोनाडा आठवला, दुपारभर घोरणारी ती माणसं आठवली. माणूस एवढी वर्षं सुपरवायझरकी करतो, मशीन कोण मुद्दाम थांबवतंय हे वासावरून ओळखतो, आणि स्वतःच्या आईला ओळखायला त्याला तोंडावर पडावं लागतं.

"आई," मी म्हटलं, "तुला ऑपरेशन करायचंच नाहीये."

पलीकडे मिरच्या थांबल्या.

"भूल देतात ना रे," ती म्हणाली. "आपलं आपल्याला काही कळत नाही म्हणे. आणि उठलेच नाही तर?"

यावर शहाण्या मुलाने काय बोलावं? मी म्हणालो, "अगं, हल्ली सगळे उठतात." हे वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडलं तेव्हाच बायकोने कपाळाला हात लावला. तिने फोन माझ्याकडून काढून घेतला आणि फरश्यांच्या उरलेल्या चवडीवर बसली.

"आई, मी आत येईन तुमच्याबरोबर, दारापर्यंत. आणि बाहेर आणतील तेव्हा तिथेच उभी असेन. ह्यांना नाही ठेवणार."

"त्याला नकोच," आई लगेच म्हणाली. "तो मलाच धीर द्यायला लावेल."

"हो ना."

दोघी माझ्यावरून अशा पटकन एक झाल्या की मला बरंही वाटलं आणि वाईटही. गवंडी हातातली थापी उगीचच पुसत होता.

"भो, आहेस का तिथे?" आईने त्याला हाक मारली.

"हां व माय."

"तो उंबरा फोडू नको. अख्खा काढता येईल?"

त्याने वाकून बघितलं, कडेने बोट फिरवलं. "आजच बसवेल शे. निघी जाई."

"मग काढ. नीट काढ. पुसून कुठेतरी आडवा ठेव, पाय लागणार नाही असा. मी चालायला लागले की तूच येऊन परत बसव." मग तिचा आवाज जरा चढला. "आणि त्या दिवशी मी तो ओलांडून जाईन. सगळ्यांसमोर."

मी घाईने विचारलं, "म्हणजे ठरलेल्या तारखेला येतेस ना?"

"आता उंबराच काढायला सांगितला तर आणखी काय लिहून देऊ का तुला?" आईने फोन ठेवला.

उंबरा अख्खा निघाला. जिन्याखाली, आमच्या चपलांच्या मागे ठेवला. पाय लागणार नाही असा म्हणजे कुठे, हे या घरात कोणालाच जमलेलं नाही. आतापर्यंत माझ्या अंगठ्याला तो तीनदा भेटलाय. चौकटीत जी चीर राहिली ती ठेकेदाराने सिमेंटने बुजवली. रंग जुळला नाही. मी तक्रार केली नाही, माझ्यात ती ताकदच उरली नव्हती.

ऑपरेशन झालं. बायको सांगितल्याप्रमाणे दाराशी उभी राहिली आणि मी खाली कँटीनमध्ये, जिथे मला पाठवण्यात आलं होतं तिथे. आई उठली. उठून पहिल्यांदा तिने बायकोला विचारलं, "तो जेवला का?"

ती घरी आली तेव्हा गाडी फाटकापर्यंत आणता आली, कारण वाळू अखेर संपली होती. हॉलमधून स्वयंपाकघर, स्वयंपाकघरातून मागचं दार. आई वॉकर टेकत, थांबत, ओठ घट्ट मिटून चालत होती. मी मागे हात पसरून, जणू काचेचं सामान उतरवतोय. खोलीच्या दाराशी ती थांबली. खाली त्या वेगळ्या रंगाच्या पट्टीकडे तिने पाहिलं. मग वॉकर उचलून पलीकडे ठेवला आणि पाय वर उचलला, दुखत असूनही, चांगला चार बोटं उंच.

"अगं आई, कशाला उचलतेस? काही नाहीये तिथे! सपाट आहे!"

"माहीत आहे मला," आई म्हणाली, आणि दुसरा पायही तसाच उचलून आत गेली.